वन्संचा नववा ग्रह

आधीच सांगून ठेवते, मला आकाशातलं काही कळत नाही. मी शिलाईवाली बाई. शाळेचे गणवेश शिवून दिवस काढते, मान कायम खाली, वर बघायला फुरसत कुणाला. तरीही एका ग्रहापायी आमच्या घरात जे झालं ते आठवलं की अजून माझ्या अंगाचा तिळपापड होतो. नेमकं कुणावर रागवायचं ते मात्र इतक्या वर्षांत ठरलेलं नाही. यादी लांबलचक आहे आणि तिच्यात मीही आहे.

आमच्या वन्सं, म्हणजे ह्यांची थोरली बहीण, शाळेत भूगोल शिकवायच्या. त्यांना नावानं कुणी ओळखत नसे. पाकिटावर नुसतं 'भूगोलबाई' लिहिलं तरी पोस्टमन पत्र बरोबर आणून द्यायचा. लग्न केलं नाही. चौतीस वर्षं एकच शाळा, एकच वर्ग, आणि जायची वेळ अशी की वाटेवरचा दुकानदार त्यांना बघून घड्याळ लावून घ्यायचा. लोक म्हणायचे, बाई फणसासारख्या, वरून काटे आणि आत गरे. मी त्यांच्याबरोबर एका घरात संसार केला. मला विचाराल तर काटे माझ्या वाट्याला आले आणि गरे शाळेतल्या पोरांच्या. पण गरे होते, खोटं कशाला बोलू.

मी लग्न होऊन या घरात आले त्याच महिन्यात त्यांनी माझी बटणांची पेटी उचलली आणि न विचारता शाळेत नेली. माझा असा संताप झाला की काय सांगू. नवी नवरी म्हणून गप्प बसले, एवढंच. संध्याकाळी पेटी परत आली, एक बटण कमी नाही, आणि वर मलाच हुकूम झाला की उद्या शाळेत येऊन बघ. गेले. मैदानाच्या मधोमध एक मोठं पातेलं उपडं घातलेलं, तो सूर्य. तिथून पावलं मोजून पोरं लांब लांब उभी, प्रत्येकाच्या तळहातावर माझं एकेक बटण. गुरू म्हणजे ओव्हरकोटचं काळं बटण, पृथ्वी म्हणजे शर्टाचं, आणि प्लूटो म्हणजे झबल्याचं, मसुराएवढं. प्लूटोवाल्या पोराला मैदान पुरायचं नाही. त्याला फाटकाबाहेर, रस्ता ओलांडून, सायकलच्या दुकानापाशी जाऊन उभं राहावं लागे. भर तासाला फाटकाबाहेर जायची मुभा, तीही वर्षातून एकदा आणि एकाच पोराला. मग काय, प्रत्येकाला प्लूटोच व्हायचं असे. वन्सं ते बटण दरवर्षी वर्गातल्या सगळ्यांत बुजऱ्या पोराच्या हातात ठेवायच्या, ज्याला कुणी खेळायला घेत नाही अशाच्या. ते पोर तिकडून हात हलवायचं आणि इकडून सगळा वर्ग त्याला हात करायचा. पुढे आठवडाभर तरी त्याला सगळे खेळायला घ्यायचे.

तर अशा बाईच्या घरात एका संध्याकाळी रेडिओवर बातमी लागली. मी पँटच्या पट्ट्यांना टाके घालत होते, वन्सं उत्तरपत्रिका तपासत होत्या. हवामानाच्या आधी एक गमतीची बातमी असते ना, तशी ती सांगितली. लांबच्या कुठल्या शहरात जगभरचे शास्त्रज्ञ जमले, त्यांनी मतदान घेतलं, आणि आजपासून प्लूटो हा ग्रह नाही, त्याला बटुग्रह म्हणायचं. सांगणारी हसत हसत सांगत होती, हे मला पक्कं आठवतं. वन्संनी लाल पेन खाली ठेवलं, उठून रेडिओ बंद केला आणि म्हणाल्या, "हात वर करून?"

त्या वेळी तेवढंच बोलल्या. पण दुसऱ्या दिवशी सकाळपासून जी टकळी सुरू झाली ती दोन महिने थांबली नाही. लहान आहे म्हणून काढला म्हणे. लहान असणं हा गुन्हा कधीपासून झाला? दुसरं कारण तर त्याहून भारी. त्याच्या वाटेत बाकीचे दगडधोंडे फिरतात, ते त्यानं हटवलेले नाहीत, म्हणून तो ग्रह नव्हे. म्हणजे दांडगाई करून शेजारीपाजारी हुसकावून लावील तो ग्रह, आणि चार जणांना सांभाळून राहील तो बटू. वा रे न्याय. सूर्याभोवती एक फेरी मारायला त्याला दोनशे अठ्ठेचाळीस वर्षं लागतात आणि सापडून त्याला अजून शंभरही झालेली नाहीत. बिचाऱ्याची एक फेरी तरी पुरी होऊ द्यायची होती, मग काय तो निकाल लावायचा. हे सगळं मला पाठ झालं, कारण दिवसातून दोनदा तरी मी ते ऐकत होते. दूधवाल्यानंही ऐकलं. दूधवाला बिचारा म्हणाला, बाई, मी नाही काढला.

ह्यांनी एकदा जेवताना थट्टा केली, की ताई, माणसाचे ग्रह फिरतात ते ऐकलं होतं, तुझा तर गेलाच. वन्संनी अशा नजरेनं बघितलं की उरलेलं जेवण ह्यांनी खाली मान घालून संपवलं.

मी मात्र त्यांच्या बाजूची होते. इतर बाबतीत आमचं विळ्याभोपळ्याचं सख्य, पण ह्या बाबतीत त्यांचं म्हणणं मला पटलं. जेवायला बसवलेल्या माणसाला भरल्या पानावरून उठवू नये, एवढं अडाण्यालाही कळतं. आणि त्यांच्या रागाच्या तळाशी काय होतं ते मी एकदा बघितलं होतं. कपाटातले जुने वर्गाचे फोटो काढून त्या बसल्या होत्या. मला म्हणाल्या, ह्यातल्या प्रत्येकाला मी नऊ सांगितले. ही सगळी आता आपापल्या पोरांना काय सांगतील, की आमच्या बाईंनी थापा मारल्या? मी चहा करून आणला, दुसरं काय करणार.

त्यांनी तीन पत्रं लिहिली. एक वर्तमानपत्राला, एक पाठ्यपुस्तकं काढणाऱ्या खात्याला, आणि एक त्या शास्त्रज्ञांना. तिसरं पत्ता नसल्यामुळे घरातच राहिलं. वर्तमानपत्रानं छापलं नाही. खात्याकडून उत्तर आलं नाही, पण काही महिन्यांनी शाळेत एक पाकीट आलं. त्यात छापील पट्ट्या होत्या, बोटभर रुंद, प्रत्येकीवर एकच ओळ: सूर्यमालेत आठ ग्रह आहेत. नवी पुस्तकं छापायला वेळ लागणार, तोवर शिक्षकांनी ही पट्टी प्रत्येक मुलाच्या पुस्तकात जुन्या ओळीवर चिकटवायची. गोंदसुद्धा शाळेनं आपला वापरायचा. वर्गात बासष्ट मुलं म्हणून बासष्ट पट्ट्या, आणि मिळाल्याबद्दल खात्याच्या वहीत वन्संची सही घेतलेली.

वन्संनी सही केली, पट्ट्या पिशवीत घातल्या, घरी आणल्या आणि माझ्या मशीनच्या खणात टाकल्या. म्हणाल्या, पाठ कोरी आहे, तुझ्या मापांना होतील.

आणि मी वापरल्या. मला छातीची, उंचीची, बाहीची मापं लिहून कापलेल्या कापडाला टाचायला चिठ्ठ्या लागतातच. फुकटचा कागद, तोही जाड. वर माझ्या मनात असंही होतं की बरी जिरली त्या खात्याची. एका बाजूला सूर्यमालेत आठ ग्रह, दुसऱ्या बाजूला छाती अठ्ठावीस, बाही नऊ. आम्ही दोघी त्यावर हसलोसुद्धा. नणंद-भावजय एका गोष्टीवर एकत्र हसण्याचे प्रसंग आमच्या घरात बोटांवर मोजण्याइतके, त्यातला तो एक. मुख्याध्यापकांनी मध्ये दोनदा विचारलं, वन्संनी दोनदा लावते म्हणून सांगितलं. तो सज्जन माणूस त्यांचाच जुना विद्यार्थी, तिसऱ्यांदा विचारायची त्याची छाती झाली नाही.

आता ज्या मुलीपायी हे सगळं सांगतेय तिच्याकडे येते. माझ्याकडे काजं-बटणं करायला एक बाई यायची. तिला सगळे काजवालीच म्हणत. नवरा वारलेला, पदरी एक मुलगी. बाई इतकी हळू बोलायची की मशीन थांबवल्याशिवाय ऐकू येत नसे. काजं मात्र अशी करायची की उलटी बाजू कुठली ते सांगता येऊ नये. रोज दुपारी आमच्या मागच्या पायरीवर उजेडाला बसायची, कारण तिची नजर अधू व्हायला लागली होती. मला एकदा म्हणाली, अजून चार-पाच वर्षं हे डोळे साथ देतील, तेवढ्यात पोरगी मार्गी लागली म्हणजे झालं.

पोरगी वन्संच्याच वर्गात. केसांत कायम पेन्सिल खोचलेली, म्हणून तिला पेन्सिलच म्हणायचे, आणि अंगानंही तशीच. हुशार म्हणजे किती, तर माझं कापड बेतताना ती शेजारी उभी राहून सांगायची, मावशी, बाह्या उलट्या ठेवल्यात तर एक खिसा जास्त निघेल. निघायचा. वन्संना तिच्यात काय दिसलं कोण जाणे, पण त्यांनी मनावर घेतलं. शहराजवळ एक निवासी विज्ञान शाळा आहे. सातवीनंतर परीक्षा घेऊन मुलं घेतात, राहणं-जेवण-पुस्तकं सगळं त्यांचं, बारावीपर्यंत बघायला नको. आमच्या भागातून दोन जागा. परीक्षा एकदाच देता येते, वय उलटलं की संपलं. वन्सं त्या काजवालीला म्हणाल्या, हिला मी तिथे पोचवते. जाताना ती बाई वन्संच्या चपला सरळ करून ठेवून गेली.

वर्षभर रोज संध्याकाळी पेन्सिल आमच्या जेवणाच्या टेबलावर. गणित, विज्ञान, भूगोल. वन्संनी एक दिवस चुकवला नाही, ताप असतानाही नाही. एका संध्याकाळी धडा सूर्यमालेचा आला. मी पलीकडे हातशिलाई करत होते. पोरीनं नऊ नावं घडाघडा म्हटली. माझ्या मनात पाल चुकचुकली. मी विचारलं, "वन्सं, परीक्षेत आलं तर काय लिहायचं तिनं?"

"खरं असेल ते."

मी म्हटलं, पण खात्यानं तर आठ म्हटलंय. त्यावर मला ऐकून घ्यावं लागलं, की खातं उद्या पृथ्वी चौकोनी म्हणेल, आणि बघ तू, दोन वर्षांत परत घेतील त्याला. आपण वेडेपणा केला हे त्यांनाच कळेल. पोरगी एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. मग तिनं वहीचं पान उलटलं. मी टाका तोडला आणि गप्प बसले. शिकलेल्या बाईला मी काय सांगणार, असं त्या वेळी मला वाटलं. आज वाटतं, सांगायला हवं होतं. भांडायला हवं होतं. फडक्याच्या जागेवरून मी त्यांच्याशी आठ-आठ दिवस भांडलेली आहे, आणि जिथे भांडायला हवं होतं तिथे शहाण्यासारखी गप्प बसले.

परीक्षा झाली. पोरगी हसत आली. दीड महिन्यानं निकाल लागला, आणि तिचं नाव तिसरं होतं. दुसऱ्या मुलापेक्षा एक मार्क कमी.

काजवालीनं निकाल ऐकला आणि विचारलं, एक मार्क म्हणजे किती असतो. वन्सं रात्रभर जाग्या होत्या हे मला त्यांच्या खोलीतल्या दिव्यावरून कळलं. सकाळी त्यांनी उत्तरपत्रिका बघायला मिळावी म्हणून अर्ज टाकला. तसा नियम आहे, आठ दिवसांत मागितली तर दाखवतात. बोलावणं आलं तेव्हा मला म्हणाल्या, तूही चल. पोरीलाही घेतलं. काजवाली आली नाही, तिच्या हातात चाळीस शर्टांचं काम होतं. आमच्या मागच्या पायरीवर बसून ती आमची वाट बघणार होती.

परीक्षेच्या कार्यालयात आम्हाला एका साहेबासमोर बसवलं. तरुण माणूस, आवाज सौम्य. त्यानं उत्तरपत्रिका पुढे सरकवली. बत्तिसावा प्रश्न, दोन मार्कांचा: सूर्यमालेत किती ग्रह आहेत? सूर्यापासूनच्या क्रमानं नावं लिहा. पेन्सिलनं नऊ लिहिले होते, सुवाच्य अक्षरात, एकाखाली एक, आणि नवव्या नावाखाली पट्टी धरून रेघ मारली होती. तिच्यावर लाल फुली. दोन्ही मार्क गेलेले.

वन्संचा चेहरा बघवत नव्हता. पण बाई लढायची तयारी करून आलेल्या. त्यांनी सुरुवात केली, की मुळात हा निर्णयच अन्यायाचा आहे, की जगात अजून कितीतरी शास्त्रज्ञांना तो मान्य नाही. साहेबानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, बाई, ते ठरवायला मी बसलेलो नाही. पण एक वाट आहे. दुरुस्ती मुलापर्यंत पोचलीच नसेल, आणि ती शाळेची चूक असेल, तर ह्या प्रश्नाचे मार्क मुलाला देता येतात. असं इतर दोन ठिकाणी केलंय. त्यासाठी शिक्षकाचं लेखी लागतं आणि मुलाला विचारावं लागतं. मग त्यानं खात्याची ती वही उघडली. बासष्ट पट्ट्या, खाली वन्संची सही. त्यानं विचारलं, पट्ट्या मिळाल्या होत्या ना?

नाही म्हणता आलं असतं. मुख्याध्यापकांवर ढकलता आलं असतं, शिपायावर ढकलता आलं असतं. हरवल्या म्हणता आलं असतं. निवृत्तीला सात महिने राहिले होते आणि खात्याची नोटीस म्हणजे चौतीस वर्षांच्या कामाला शेवटी डाग. वन्सं म्हणाल्या, कागद द्या. आणि लिहिलं. मी शेजारून वाचत होते. 'सूर्यमालेत आठ ग्रह आहेत. ही दुरुस्ती मला वेळेवर मिळाली होती. मी ती मुलांना दिली नाही. चूक माझी आहे, मुलीची नाही.' आठ लिहिताना पेन थांबलं, पण लिहिलं. चूक माझी, हे शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकले नव्हते, हातून उतरताना त्या दिवशी बघितले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वाटलं, चला, त्यांच्या जिवावर आलं, पण पोरीचं काम झालं.

साहेबानं कागद घेतला, पोरीकडे वळला. अगदी सहज विचारलं, की बाळ, तुला आठ ग्रह आहेत हे कुणी सांगितलं नव्हतं ना? त्या माणसानं उत्तर तिच्या तोंडात घालून ठेवलं होतं. तिनं फक्त मान हलवायची होती. मी मनातल्या मनात म्हणत होते, हलव गं बाई मान, हलव.

पेन्सिल म्हणाली, "माहीत होतं."

साहेब म्हणाला, कुठून कळलं? तिनं सांगितलं, रेडिओवर. आणि मावशींच्या चिठ्ठ्यांवर. आई बटणं लावायची त्या शर्टांना टाचलेल्या असायच्या, मागच्या बाजूला लिहिलेलं होतं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. माझ्या मापांच्या चिठ्ठ्या. हौसेनं टाचलेल्या.

"मग आठ का नाही लिहिलंस?"

पोरगी वन्संकडे बघून म्हणाली, "बाईंना वाईट वाटलं असतं."

साहेबानं वन्संनी लिहिलेला कागद घडी करून हळूच परत दिला. म्हणाला, हा मी ठेवून घेत नाही, ह्याची आता गरज नाही, उगाच तुम्हाला त्रास. मुलीला उत्तर माहीत होतं, तेव्हा नियमात बसत नाही, माझे हात बांधलेले आहेत. भला माणूस होता. त्याच्यावर रागावता येईना, आणि त्याचाच मला भयंकर राग आला. वन्सं म्हणाल्या, अहो, तिनं माझ्यासाठी लिहिलं, हे तुमच्या नियमात कुठेच बसत नाही का? तो म्हणाला, नाही बसत, बाई.

परतीच्या बसमध्ये पोरगी आम्हा दोघींच्या मध्ये बसली होती. वन्सं खिडकीबाहेर बघत होत्या. मग म्हणाल्या, "मला वाईट वाटलं असतं, तर वाटू द्यायचं होतंस गं."

पोरगी त्यांच्याकडे वळली. म्हणाली, "पण आता तर जास्तच वाटलं ना, बाई?"

मला तिथेच ओरडावंसं वाटलं. त्या हात वर करणाऱ्यांवर, त्यांची बातमी हसत सांगणाऱ्या बाईवर, गोंदाचे पैसे वाचवणाऱ्या खात्यावर. वन्संवर तर सगळ्यांत जास्त. अहो, तो ग्रह तुमच्या भांडणानं परत येणार होता का? आला नसता तर त्याचं काय बिघडणार होतं? तो आपला कुठे अंधारात फिरतोय, त्याला आपल्याला काढल्याचा पत्तासुद्धा नाही. त्याच्यासाठी रडायला तुम्ही होतात. हिच्यासाठी त्या परीक्षेत कोण होतं? हे सगळं माझ्या ओठांवर आलं आणि मी गिळलं, कारण त्या चिठ्ठ्या माझ्या अक्षरातल्या होत्या.

घरी पोचलो तेव्हा काजवाली मागच्या पायरीवर होती. आम्हाला बघून उठली, मांडीवरचा शर्ट हातातच. पोरीच्या तोंडाकडे बघितलं, मग आमच्या. मी काहीतरी गोलमाल बोलायला लागले, की अजून बघू, अर्ज करू. वन्संनी मला हातानं थांबवलं. त्या काजवालीसमोर उभ्या राहिल्या आणि एकही गोष्ट न गाळता सांगितलं. पट्ट्या आल्या होत्या ते. लावल्या नाहीत ते. माझ्याकडे मापांना दिल्या ते. पोरीला उत्तर माहीत होतं आणि तिनं ते का लिहिलं नाही ते. शेवटी म्हणाल्या, "तुझ्या मुलीची जागा माझ्यामुळे गेली. माझ्या हट्टानं."

काजवाली ऐकत होती. मला वाटलं, ही आता नेहमीसारखं काहीतरी पुटपुटेल, जाऊ द्या बाई, नशिबात नव्हतं. तेच म्हणेल म्हणून मी तयार होते. तेच ऐकायची आम्हाला दोघींना सवय होती.

ती चांगल्या खणखणीत आवाजात बोलली. इतक्या वर्षांत तिचा आवाज असा आहे हे मला माहीत नव्हतं.

"बाई, तो ग्रह तुमचा कोण लागत होता?"

वन्संनी तोंड उघडलं. काजवाली थांबली, उत्तर येतंय का बघत. मग तिनं सुई कापडात खोवली, शर्ट पायरीवर ठेवला आणि मुलीचा हात धरून निघून गेली.